बोरीबंदर ते कुर्ला, १९२५ : विजेची पहिली गाडी तिथेच का धावली आणि १५०० व्होल्ट डीसी चुकलं होतं का

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने त्याच्या सेमिनारसाठी विचारलंय: ३ फेब्रुवारी १९२५ ला आपल्या देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून फक्त कुर्ल्यापर्यंत, आणि तीही हार्बरच्या मार्गाने का गेली? वाफेची इंजिनं सत्तर वर्षं व्यवस्थित चालत असताना जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीने एवढा खर्च का केला? आणि १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, शेवटी काढावंच लागलं, म्हणजे मुळातली निवड चुकली होती का?

मी चौतीस वर्षं ओव्हरहेड तारांच्या देखभालीत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कल्याणच्या पुढे, घाटाच्या बाजूला. त्यामुळे उत्तर लांबेल. पण तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही, निवड चुकली नव्हती. त्या वेळच्या माणसांच्या हातात जी साधनं होती, ती बघितली तर त्यांनी जे केलं तेच करायला हवं होतं. ते का, हे समजायला मात्र घाटापासून सुरुवात करावी लागेल.

बहुतेक लेख लोकलच्या गर्दीपासून सुरू होतात. गर्दी होतीच. पण जीआयपीच्या मानगुटीवर खरं ओझं होतं ते भोर घाट आणि थळ घाट या दोघांचं. मुंबईहून देशावर जाणारा प्रत्येक डबा या दोनपैकी एका घाटातून वर चढवावा लागायचा. भोर घाट १८६३ साली वाहतुकीला खुला झाला. कर्जतपासून वर साधारण पंचवीस किलोमीटरात ५६० मीटरच्या आसपास चढ, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रस्त्यावर हा चढ डोळ्यांना जाणवणारही नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर असताना मात्र तो भिंतीसारखा असतो.

हिशोब करून बघा. ५०० टनांची गाडी धरा. ३७ ला १ चढावर तिचं वजनच तिला मागे खेचतं, आणि ती खेच ५०० भागिले ३७, म्हणजे साडेतेरा टन भरते. घर्षण आणि वळणांचा अडथळा वेगळा. एवढी ओढ सतत, मिनिटामागून मिनिट द्यायला हवी. वाफेच्या इंजिनाची गोची इथेच होते. त्याची ताकद बॉयलर दर तासाला किती वाफ करतो त्यावर बांधलेली असते. शेगडीत कोळसा टाकणारा फायरमन कितीही तगडा असला, तरी त्याच्या फावड्याला मर्यादा आहे. म्हणून गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावून ती ढकलायची. आम्ही त्यांना बँकर म्हणतो आणि आजही कर्जतला व कसाऱ्याला बँकर लागतात. त्यात बोगदे. भोर घाटात एकामागोमाग एक पंचवीसेक बोगदे आहेत. चढावर पूर्ण जोर लावलेली दोन-तीन इंजिनं बोगद्यात शिरली की आत काय होत असेल याची कल्पना करा. मागच्या इंजिनावरच्या माणसाला पुढच्या इंजिनाचा सगळा धूर गिळावा लागायचा.

भरीला रिव्हर्सिंग स्टेशन. १८६३ च्या आखणीत खंडाळ्याच्या खाली एक जागा अशी होती की गाडी सरळ पुढे जाऊच शकत नव्हती. तिथे थांबायचं, इंजिन दुसऱ्या टोकाला आणायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. थळ घाटातही तोच प्रकार. अशा ठिकाणी गाडी किती लांब असावी हे तिथल्या रुळांची लांबी ठरवते, बाजारातला माल ठरवत नाही. विजेचं काम घाटापर्यंत आलं तेव्हा, १९२० च्या दशकाच्या शेवटी, नवे बोगदे खणून भोर घाटातली ही उलटापालट कायमची बंद केली. माझ्या मते तारा टाकण्याइतकंच हे काम मोठं होतं. त्याची आठवण मात्र फार कमी लोक काढतात.

विजेच्या इंजिनाने या सगळ्यावर तोडगा कसा काढला? विजेचं इंजिन स्वतःची ताकद स्वतः तयार करत नाही, ते दूरच्या वीजघरातून घेतं. त्यामुळे चढावर थोडा वेळ त्याच्याकडून ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त काम काढता येतं. मर्यादा येते ती मोटर तापण्याची, आणि तापायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे डीसी सीरीज मोटर. गाडी थांबलेली असताना, म्हणजे सर्वांत जास्त ओढ हवी तेव्हाच, ती सर्वांत जास्त ओढते. वेग वाढतो तसा तिचा जोर आपोआप उतरतो. आगगाडीसाठी मुद्दाम बनवून घेतल्यासारखा हा स्वभाव आहे. चढावर गाडी थांबली आणि पुन्हा हलवायची वेळ आली, की या मोटरीची किंमत कळते.

त्यासाठी जी इंजिनं आली त्यांना आमच्याकडचे जुने लोक ‘खेकडा’ म्हणत. कागदावर त्यांचं नाव ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात बांधली, उरलेली एकतीस इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत. विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-विकर्सची. याच एसएलएमने काही वर्षं आधी गॉटहार्डच्या आल्प्स घाटासाठी ‘क्रोकोडाइल’ म्हणून गाजलेली इंजिनं बांधली होती. मधोमध केबिन आणि दोन्ही बाजूंना वळणावर वळणारी लांब नाकं, हा आकार तिथलाच. आपलं खेकडा इंजिन मी लहानपणी कल्याण यार्डात चालताना पाहिलंय. चार मोटरी, मिळून २६०० अश्वशक्ती. पण मोटर थेट चाकावर नाही. मोटर आडवा दांडा फिरवते, आणि त्या दांड्याला लावलेले लोखंडी कनेक्टिंग रॉड चाकांना फिरवतात, वाफेच्या इंजिनासारखेच. सावकाश निघताना ते रॉड वरखाली होत, सांधे कुरकुरत, आणि एक लांब कण्हल्यासारखा आवाज येई. खेकडा हे नाव त्याला का पडलं, ते एकदा बघितल्यावर कोणाला विचारावं लागायचं नाही. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलंय. जमलं तर बघून या, पण नाकाकडे बघत बसू नका, रॉड बघा. वाफेच्या कारागिरीत वाढलेले हात विजेकडे कसे वळले, ते त्या सांध्यांवर दिसतं.

खेकड्याचं खरं कौतुक उतारावर होतं. त्याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग होतं. उतारावर मोटरी जनरेटरसारख्या चालवायच्या. गाडीचं वजन मोटरी फिरवतं, मोटरी वीज तयार करतात, आणि ती वीज परत तारेत जाते. आधीचाच हिशोब पुढे न्या. ५०० टन ५६० मीटर वर नेण्यासाठी निव्वळ ७६० युनिट वीज लागते. तीच गाडी खाली उतरताना त्यातला काही भाग परत देते. त्याच वेळी वर चढणारी दुसरी गाडी असली की ती वीज थेट तिला मिळते. उतरणारी गाडी चढणारीला हात देते. शिवाय ब्रेकचे ठोकळे चाकावर घासून लाल होण्याचा प्रश्न कमी होतो, आणि घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होणं ही जिवाची भीती असते. घाटात आजही कॅच सायडिंग आहेत, बेकाबू गाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या चढावर वळवून थांबवण्यासाठी. त्यांचे रूळ बघितले की ही भीती किती जुनी आहे ते कळतं.

एक बारकावा तुमच्या सेमिनारसाठी उपयोगाचा आहे. तारेत परत दिलेली वीज घ्यायला कोणी तरी हवं. जवळ दुसरी गाडी नसली तर ती सबस्टेशनला घेता आली पाहिजे. त्या काळच्या सबस्टेशनांत रोटरी कन्व्हर्टर असत, एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर फिरून डीसी देणारी अवाढव्य यंत्रं. त्यांचा गुण असा की ती उलटीही चालतात, डीसी घेऊन एसी परत देतात. पुढे मर्क्युरी आर्क रेक्टिफायर आले. त्यांना देखभाल कमी, कार्यक्षमता जास्त, पण वीज एकाच दिशेने. म्हणजे प्रगतीच्या एका पायरीवर एक चांगली गोष्ट हातची गेली. हे कोणत्याही तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधा, सापडेल.

आता कुर्ल्याकडे येऊ. घाटासाठी वीज हवी होती, तर सुरुवात घाटातून का नाही?

मुंबईच्या रेल्वेला वीज लावायची सूचना १९०४ साली मुंबई इलाख्याचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी केली होती. १९०७ साली मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम आली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांना तारेखाली चालणारं वाहन ओळखीचं झालं. मंजुरी मिळेपर्यंत १९१३ उजाडलं, आणि लगेच महायुद्ध सुरू झालं. यंत्रं इंग्लंडमधून यायची, तिथले कारखाने तोफगोळ्यांत गुंतले. काम खऱ्या अर्थाने हलायला विसाव्या शतकाचं तिसरं दशक लागलं.

दरम्यान हार्बर मार्गाचं काम चालू होतं. कुर्ला ते रे रोड हा भाग १९१० च्या डिसेंबरात सुरू झाला होता, पण तो बोरीबंदरला जोडलेला नव्हता. मधे मशीद, डोंगरी, माझगाव, म्हणजे शहराचा सर्वांत दाट भाग. तिथे जमिनीवर रूळ टाकायला जागाच नव्हती. म्हणून रूळ उचलून पुलावर घेतले. सँडहर्स्ट रोडला आजही खाली मुख्य मार्गाचं स्टेशन आणि वर हार्बरचं, असं दुमजली स्टेशन आहे. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून, हात लांबवला तर लागेल अशा अंतरावरून, दर काही मिनिटांनी धूर ओकणारं इंजिन न्यायचं? आणि त्या पुलावर चढायला-उतरायला उतार, स्टेशनं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे सतत थांबा आणि पुन्हा निघा. विजेच्या गाडीसाठी याहून योग्य आणि वाफेसाठी याहून वाईट मार्ग शोधून सापडला नसता. नवा मार्ग असल्याने चालू वाहतूक न अडवता खांब उभे करता आले, आणि काही बिघडलं असतं तरी कलकत्ता मेल अडकला नसता. शेवटचं कारण मी माझ्या अनुभवातून सांगतोय. नवी गोष्ट पहिल्यांदा चालवायची तर ती बाजूच्या मार्गावर चालवावी, हे तारांचं काम केलेला कोणीही सांगेल.

३ फेब्रुवारी १९२५ ला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ती गाडी निघाली. चार डब्यांची, साधारण सोळा किलोमीटरचा प्रवास. एका खेकड्यालाही पुढे त्यांचंच नाव दिलं.

लोकलच्या दृष्टीने या गाडीतला मोठा बदल वेगाचा नव्हता. तो शेवटच्या स्टेशनातला होता. वाफेची गाडी बोरीबंदरला आली की इंजिन फलाटाच्या टोकाला अडकायचं. मागून दुसरं इंजिन लावा, डबे ओढून न्या, मग अडकलेलं इंजिन सोडवा, पाणी भरा, कोळसा भरा, फिरवा. तेवढा वेळ फलाट अडलेला. विजेच्या गाडीत मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून उतरतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो, गार्ड उलट बाजूला येतो, आणि गाडी निघते. त्याच फलाटातून तासाला किती तरी जास्त गाड्या सोडता येतात. गर्दीच्या शहरात जमीन विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मुंबई उत्तरेला पसरली, शीव-घाटकोपर-मुलुंडला चाकरमान्यांनी घरं केली, त्यामागे चालत दुसऱ्या टोकाला जाणारा हा मोटरमन आहे.

गाड्या एकमेकींच्या मागे लागू लागल्या की सिग्नलही बदलावे लागतात. हात वरखाली करणारा सिग्नल आणि केबिनमधला माणूस एवढ्या गाड्यांना पुरत नाही. १९२८ साली बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यावर देशातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसले. गाडी पुढे गेली की रुळातल्या विजेच्या मंडळामुळे, म्हणजे ट्रॅक सर्किटमुळे, मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. यातली मेख बघा. डीसी ट्रॅक्शनमध्ये गाडीने वापरलेली वीज रुळांतूनच सबस्टेशनला परत जाते. त्याच रुळांत सिग्नलसाठी डीसीच वापरलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतील, आणि गाडी असताना सिग्नल हिरवा राहण्याचा धोका. म्हणून डीसी मार्गावर ट्रॅक सर्किट एसीचं ठेवतात, आणि जोडावर इम्पीडन्स बाँड बसवतात. तो गाडीचं डीसी सहज जाऊ देतो आणि सिग्नलचं एसी अडवतो. रुळाशेजारी जमिनीवर लोखंडी पेटी दिसायची, तीच ती. तिच्यावरून रोज हजारो माणसं रूळ ओलांडत असत. ती काय करते हे कोणाला ठाऊक नसायचं आणि असायची गरजही नव्हती.

बाकी विस्तार भराभर झाला. बीबी अँड सीआय कंपनीने (आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू केल्या. १९२९-३० पर्यंत जीआयपीच्या तारा पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन निघाली. तिच्या डब्यांच्या चौकटी इंग्लंडच्या, पण वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झालेली. घाट चढून पुण्याला जाणं ही एका दिवसात परत येण्यासारखी गोष्ट झाली.

पण वीज आली कुठून? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तरी त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. सुरुवातीचं गिऱ्हाईक गिरण्या होत्या, मग रेल्वेही आली. उपनगरी गाड्यांसाठी जीआयपीने टाटांकडून वीज घेतली. पुढच्या मार्गासाठी तिने ठाकुर्लीजवळ चोळे इथे स्वतःचं कोळशाचं वीजघर उभारलं, ते १९२९ मध्ये सुरू झालं. त्याच्या धुराड्यांच्या खुणेवर आमच्या पिढीने ठाकुर्ली ओळखली.

भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणाचं. त्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरं, देवळं, गावठाणं गेली. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. धरणामुळे विस्थापित होणाऱ्या शेतकऱ्यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या लढ्यांत त्याची गणना होते. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. धरण थांबलं नाही. मी रेल्वेच्या विजेवर पोट भरलेला माणूस आहे, आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. म्हणूनच सांगतो, तुमच्या सेमिनारमध्ये विजेच्या स्रोतांचा तक्ता असेल तर त्यात मुळशीच्या पुढे फक्त मेगावॉट लिहून थांबू नका. कोणाची जमीन गेली तेही लिहा.

आता व्होल्टेज. १५०० का, आणि डीसी का?

१९२० च्या सुमाराला रेल्वेसाठी तीन वाटा समोर होत्या. पहिली, कमी व्होल्टेजचं डीसी, जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलला १९०६ पासून तसंच होतं. तिथेही बोगद्यातल्या धुरामुळे सिग्नल न दिसून १९०२ मध्ये टक्कर झाली होती, पंधरा माणसं मेली, आणि त्यानंतर कायद्याने वाफ हटवली. दुसरी वाट, कमी वारंवारतेचं एसी, सेकंदाला १६ पूर्णांक २/३ सायकलचं (आवर्तनांचं), स्विस आणि जर्मन पद्धतीचं. तिसरी, १५०० किंवा ३००० व्होल्ट डीसी, वरच्या तारेतून. अमेरिकेतल्या मिलवॉकी रोडने रॉकी पर्वतात १९१५ पासून ३००० व्होल्ट डीसी चालवलं होतं.

तिसरा रूळ मुंबईच्या रुळांवरच्या माणसांची ये-जा आणि पावसाळा बघता विचारातही घेण्यासारखा नव्हता. कमी वारंवारतेच्या एसीला वेगळं वीजघर लागतं, आणि टाटांची वीज ५० सायकलची. सरळ ५० सायकलचंच एसी तारेत का सोडलं नाही? कारण ते वापरेल अशी भरवशाची मोटर नव्हती. आजच्या इंजिनात एसी घेऊन त्याचं डीसी करणारा रेक्टिफायर इंजिनावरच असतो. १९२५ मध्ये ते काम करणारं यंत्र म्हणजे कैक टनांचं फिरतं कन्व्हर्टर. ते सबस्टेशनच्या इमारतीत बसतं, इंजिनावर बसत नाही. म्हणजे रूपांतर जमिनीवर करायचं आणि तारेत डीसीच द्यायचं, एवढाच मार्ग उरला. त्यातही १९२१ मध्ये ब्रिटनच्या केनेडी समितीने १५०० व्होल्ट डीसी हे प्रमाण म्हणून सुचवलं होतं. फ्रान्स आणि नेदरलँड्सनेही तेच घेतलं. जीआयपीचे सल्लागार मर्झ अँड मॅकलेलन हे याच वर्तुळातले. सामग्री तयार, अनुभव तयार, सुटे भाग मिळणार. दुसरं काही निवडलं असतं तर ते धाडस झालं असतं, आणि हजारो प्रवाशांच्या रोजच्या गाडीवर धाडस करू नये.

त्याची किंमत आम्ही तारेवरच्या माणसांनी रोज मोजली. खेकड्याचे २६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १९४० किलोवॉट. १५०० व्होल्टला त्यासाठी साधारण १३०० अँपिअर तारेतून जायला हवेत. तेवढंच काम २५,००० व्होल्टला ७८ अँपिअरमध्ये होतं. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीच तार धरली तर फरक पावणेतीनशे पटींच्या घरात. म्हणून डीसीला जाड तांबं आणि दर काही किलोमीटरला सबस्टेशन. आमच्या डीसी भागातल्या कॉन्टॅक्ट वायरच्या छेदाचं क्षेत्रफळ एसीच्या तारेपेक्षा जवळजवळ दुप्पट असे. हातात तुकडा घेतला की वजन कळायचं. आणखी एक त्रास म्हणजे रुळातून परत जाणारं डीसी थोडं जमिनीत गळतं आणि जवळपासचे लोखंडी नळ, केबलची आवरणं हळूहळू खाऊन टाकतं.

तारेचं काम जवळून कसं असतं ते सांगतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. रात्री शेवटची लोकल गेली की ब्लॉक मिळतो. वीज बंद केल्याचा लेखी परवाना हातात आल्याशिवाय कोणी वर बघायचंही नाही. मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेत उरलेली वीज रुळात उतरवणारा दांडा. आधी त्याचं खालचं टोक रुळाला घट्ट आवळायचं, मगच वरचा आकडा तारेला लावायचा. काढताना आधी तारेवरून, मग रुळावरून. हा क्रम माझ्या पहिल्या मुकादमाने महिनाभर रोज माझ्याकडून म्हणवून घेतला. टॉवर वॅगनवर चढलं की तार छातीसमोर येते. खालून ती सरळ वाटते, वरून बघितली की कळतं, ती मुद्दाम डावी-उजवी नागमोडी ताणलेली असते. सरळ असती तर पॅन्टोच्या, म्हणजे गाडीच्या छतावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्याच्या पट्टीवर एकाच जागी घासून खाच पडली असती. तारेचा खालचा भाग झिजून सपाट आणि आरशासारखा चकचकीत झालेला असतो, वरचा काळपट. तो सपाट भाग किती रुंद झाला ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुढच्या खांबाकडे सरकायचं. पावसाळ्याआधी कावळ्यांची घरटी काढायची. कावळा घरट्यात लोखंडी तारेचे तुकडे आणून घालतो, आणि त्यातला एक इन्सुलेटरवर आडवा पडला की सकाळच्या लोकल बंद.

मग डीसी गेलं कसं? दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच रेल्वेने आल्प्सच्या पायथ्याशी साव्वा प्रांतात ५० सायकलच्या एसीचे प्रयोग केले, आणि १९५० च्या दशकात उत्तरेच्या जड मालवाहतुकीच्या मार्गावर २५ केव्ही, म्हणजे २५,००० व्होल्ट, यशस्वी करून दाखवलं. इंजिनावर मावणारे रेक्टिफायर आले होते. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ केव्ही एसी स्वीकारलं, फ्रेंचांच्या सहकार्याने. म्हणजे १९२५ मध्ये जे शक्यच नव्हतं ते तीस वर्षांनी शक्य झालं, आणि झाल्याबरोबर आपण ते घेतलं. यात कोणाची चूक आहे असं मला वाटत नाही.

मुंबईत मात्र जुनं काढायला अर्धं शतक लागलं. गाड्या एक दिवसही थांबवता येत नव्हत्या. त्यामुळे डीसी चालू असतानाच २५ केव्हीचे इन्सुलेटर आधी बसवायचे, जुन्या पुलांखाली तार आणि पूल यांतलं अंतर वाढवायचं, कुठे रूळ खाली घ्यायचे, सिग्नलची ट्रॅक सर्किटं बदलायची. दोन्ही व्होल्टेजवर धावणारे रेक आणायचे, ते २००७ पासून येऊ लागले. आणि छतावर बसणाऱ्या पोरांना स्टेशनास्टेशनावर सांगायचं की १५०० व्होल्टची तार शिवली तर मारते, २५,००० व्होल्टची न शिवताही मारते, कारण ती वीज हवेतून झेप घेते. हे आम्ही घसा बसेपर्यंत सांगितलं, तरी काही जीव गेलेच.

पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये. हार्बर सगळ्यांत शेवटी. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून मुंबईला गेली, म्हणजे १९२५ च्या पहिल्या गाडीच्याच मार्गाने, उलट्या दिशेने. मी त्या रात्री कुर्ल्याच्या बाजूला कामावर होतो. गाडी सुटली तेव्हा पॅन्टोपाशी नेहमीची निळसर ठिणगी उडाली. फलाटावर बरेच जुने मोटरमन आणि निवृत्त लाइनमन आले होते. गाडी वळणाआड गेल्यावर परवाना आला, आम्ही रॉड घेतले. माझ्या टोळीतल्या सर्वांत धाकट्या पोराने रॉडचं खालचं टोक रुळाला आवळलं, दोनदा हलवून बघितलं, आणि मग आकडा वर उचलला.